सज्ज्यावरची मंडळी

आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात कोजागरीनंतर काकडा सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेला त्याची समाप्ती होते. गेली सव्वीस वर्षे या काकड्याला पेटीवर मी बसतो. मी शिकलेला वाजवणारा नव्हे. वडिलांच्या शेजारी बसून बोटे कुठे पडतात ते पाहिले, तेवढीच तालीम. पहाटे साडेचारला भूपाळ्या, मग अभंग, गौळणी आणि शेवटी आरती. थंडीत पेटीचा भाता कुरकुरतो, पखवाजाला कणीक लावणाऱ्याची बोटे गारठतात आणि टाळकऱ्यांपैकी एक जण हमखास उशिरा येऊन सगळ्यांत मोठ्याने गातो. चार वर्षांपूर्वी एका देणगीदाराने मंदिराला विजेवर चालणारे यंत्र दिले. बटण दाबले की नगारा, घंटा आणि झांजा एकदम वाजू लागतात. त्या दिवसापासून आरतीच्या वेळी आम्ही हात जोडून उभे राहतो. दुसरे काही करायला उरत नाही.

नेमक्या त्याच हिवाळ्यात पुण्याच्या रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मला टॉमस हार्डीची 'अंडर द ग्रीनवुड ट्री' ही कादंबरी मिळाली. मी वाणिज्य शाखेचा, हिशेबनिशीत आयुष्य काढलेला माणूस. इंग्रजी साहित्याशी माझा संबंध असाच पदपथावरून आलेला. पण या पुस्तकाला लेखकाने १८९६ साली जोडलेली छोटी प्रस्तावना मी बसथांब्यावर उभ्याउभ्याच वाचली आणि माझी बस चुकली. इंग्लंडच्या खेड्यातल्या हौशी वादक-गायकांची ती हकीगत होती. नाताळ जवळ आला की त्यांची उडणारी धांदल त्यात होती, आणि शेवटी त्यांची जागा एका पेटीने कशी घेतली तेही होते. पुढची तीन-साडेतीन वर्षे मी या मंडळींच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो आहे.

सज्जा आणि त्यावरचे लोक

साधारण १७०० ते १८५० या दीड शतकात इंग्लंडच्या खेड्यांतल्या अनेक चर्चांत संगीताची बाजू गावकरी सांभाळत. वेदी पूर्वेला असे. तिच्या समोर, पश्चिमेच्या भिंतीला लागून लाकडी सज्जा बांधलेला असे आणि त्यावर ही मंडळी बसत. या परंपरेला आज 'वेस्ट गॅलरी' संगीत म्हणतात ते त्या सज्ज्यामुळेच. स्तोत्र सुरू झाले की खाली बसलेले लोक वेदीकडे पाठ करून सज्ज्याकडे वळत आणि त्यांच्याकडे पाहत गात.

सज्ज्यावर असत गवंडी, चांभार, सुतार, शेतमजूर. हातात फिडल, बास-व्हायोल म्हणजे आजच्या चेलोसारखे मोठे तंतुवाद्य, कुठे क्लॅरिनेट, कुठे बसून, तर कुठे 'सर्पंट' नावाचे नागमोडी वळणांचे, कातड्याने मढवलेले फुंकवाद्य. पगार नाही, पदवी नाही. वह्या हाताने लिहिलेल्या, रेघासुद्धा पुष्कळदा स्वतःच आखलेल्या.

हार्डीला ही मंडळी कल्पनेतून रचावी लागली नाहीत. त्याचे घराणे गवंडीकाम करणारे. डॉर्सेट परगण्यातल्या स्टिन्सफर्ड चर्चच्या सज्ज्यावर त्याचे आजोबा बास-व्हायोल वाजवत, वडील आणि काका फिडल वाजवत. आजोबा आधी शेजारच्या पडलटाउनच्या सज्ज्यावर वाजवायचे. स्टिन्सफर्डजवळ राहायला आल्यावर तिथल्या संगीताची दुरवस्था पाहून त्यांनी स्वतःच ते अंगावर घेतले. पडलटाउनला आठ वादक, मेडन न्यूटनला नऊ आणि स्टिन्सफर्डला अवघे चार, अशी मोजदाद हार्डीने त्याच्या चरित्रात दिली आहे. ते चरित्र १९२८ आणि १९३० साली दोन भागांत त्याच्या दुसऱ्या पत्नीच्या नावाने निघाले, पण बहुतांश त्याने स्वतःच लिहून ठेवले होते. आमचे चारच होते, पण तालमीतले होते. त्या आठ-नऊ जणांची फुंकवाद्ये जोशात आली की जरा जास्तच कानात शिरायची, असा आशय तो मोठ्या चवीने सांगतो. दोन गावच्या भजनी मंडळांना ओळखणाऱ्या कोणालाही हा सूर परका वाटणार नाही.

नाताळची तयारी

या मंडळींच्या वर्षाचा कळस म्हणजे नाताळ. हार्डीच्या घराण्यातल्या कॅरल्सच्या, म्हणजे नाताळगीतांच्या, हस्तलिखित वह्या टिकून राहिल्या आहेत. अशा वह्यांची एक गंमत त्याने प्रस्तावनेत नोंदवली आहे. वहीच्या पुढच्या बाजूने स्तोत्रे आणि कॅरल्स उतरवलेली असत. तीच वही उलटी करून मागच्या बाजूने जिग, रील, हॉर्नपाइप असे नाचाचे ठेके लिहिलेले असत. दोन्हीकडून पाने भरत जात आणि कुठेतरी मध्यावर देव आणि नाच समोरासमोर येत. रविवारी चर्चमध्ये वाजवणारा हात शनिवारी रात्री लग्नाच्या मांडवात वाजवत असे. कागद महाग होता, त्यामुळे दोन्हींसाठी एकच वही. माझ्या वडिलांच्या वहीत 'सुंदर ते ध्यान'पासून चार पानांवर एक लावणी आहे. लहानपणी मला त्याचे नवल वाटायचे. आता वाटत नाही.

तारा, राळ आणि संगीताचा कागद गावोगाव फिरून विकणारा एक खास फेरीवाला असे. तो सहा महिन्यांतून एकदा गावात येई. बहुधा स्वतःही वाजवणारा असे, कधी स्वतःच्या चालीही पोतडीतून काढी आणि चार पैसे घेऊन त्या मंडळींच्या गळी उतरवी. एका वर्षी नाताळसाठी नवे गीत बसवले होते आणि हा फेरीवाला बर्फामुळे माळावर अडकून पडला. फिडलच्या तारा तुटलेल्या, नवीन मिळण्याची आशा नाही. शेवटी वादकांनी चाबकाची दोरी आणि सुतळी ताणून वेळ मारून नेली, अशी आठवण हार्डीने दिली आहे. मी ही गोष्ट आमच्या मंडळात सांगितली तेव्हा पखवाजवाले अण्णा म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखेच की!" एका सप्ताहात त्यांच्या पखवाजाची पुडी फुटली होती आणि त्यांनी रात्र तेलाच्या डब्यावर काढली होती.

मिळकतीचाही हिशेब त्या प्रस्तावनेत आहे आणि हिशेबनीस म्हणून मी तो दोनदा तपासून पाहिला. नाताळात जमीनदाराच्या वाड्यातून दहा शिलिंग आणि रात्रीचे जेवण, पाद्रीकडून दहा शिलिंग, शेतकऱ्यांकडून प्रत्येकी पाच, तर झोपडीमागे एक. सगळे मिळून वाटणी केली की माणशी वर्षाला जास्तीत जास्त दहा शिलिंग हाती येत. म्हणजे अर्धा पौंड. तो तारा, दुरुस्ती, राळ आणि कागद यांतच संपे. शिल्लक शून्य. त्यासाठी हे लोक दिवसभर राबून, चिखल तुडवत तालमीला येत.

नाताळच्या आदल्या रात्रीचे चित्र कादंबरीच्या सुरुवातीलाच आहे. मंडळी ड्यूई नावाच्या गाडीवानाच्या घरी जमतात. सफरचंदाच्या दारूचे नवे पिंप फोडले जाते. कंदील, वह्या, वाद्ये घेऊन सगळे अंधारात निघतात आणि वस्तीवस्तीवर थांबून गातात. शाळेपाशी गायले तर आतून उत्तरच येत नाही. बराच वेळाने खिडकी उघडते, नवी शिक्षिका फॅन्सी डे आभार मानते आणि मंडळातला तरुण डिक तिथेच घायाळ होतो. पुढे शायनर नावाचा शेतकरी आतून ओरडतो की माझे डोके दुखते आहे, बंद करा. त्यावर म्हातारा म्होरक्या विल्यम ड्यूई फर्मावतो की आणखी जोरात वाजवा. आणि ते वाजवतात. गावाच्या वतीने गाणाऱ्याला थोडा उद्धटपणा लागतोच, हे मला त्या प्रसंगात फार खरे वाटले.

पाद्रीचे दुखणे

पण एकच बाजू सांगून चालणार नाही. सज्ज्यावरची मंडळी पाद्रींना सोसायला सोपी नव्हती. जेम्स वुडफर्ड या पाद्रीची दैनंदिनी प्रसिद्ध आहे. १७६९च्या नोव्हेंबरात तो सॉमरसेटमधल्या कॅसल कॅरीला होता. प्रार्थनेतली प्रतिसादाची वाक्ये गाऊ नका, नुसती म्हणा, असा निरोप त्याने गायकांना पाठवला होता. काही रविवार त्यांनी ऐकले. मग एके दिवशी पुन्हा गायला सुरुवात केली आणि वुडफर्डला भर प्रार्थनेत आपल्या जागेवरून त्यांना थांबवावे लागले. नोंद चार ओळींची आहे, पण त्याचा संताप अडीचशे वर्षांनंतरही कळतो. हे आपले चर्च, असे त्यालाही वाटत होते आणि सज्ज्यालाही.

हार्डीची याच विषयावरची एक छोटी गोष्ट आहे, 'अ‍ॅब्सेंट-माइंडेडनेस इन अ पॅरिश क्वायर'. १८९४च्या 'लाइफ्स लिटल आयरनीज' या संग्रहात ती आहे. नाताळनंतरचा रविवार. आठवडाभर रात्री जागून वाजवलेले वादक. सज्ज्यावर कडाक्याची थंडी. म्हणून म्होरक्या गरम ब्रँडी आणि बिअर यांचे मिश्रण आणतो आणि बास-व्हायोलच्या खोळीत ते ऊबदार ठेवतो. प्रवचन लांबते, मंडळी घोट घेत घेत गाढ झोपतात. स्तोत्राची वेळ होताच एक पोरगा म्होरक्याला ढोसतो. तो दचकून उठतो, आपण आदल्या रात्रीच्या नाचातच आहोत असे समजून जोमात नाचाची धून सुरू करतो आणि सवयीने बाकीचे त्याला साथ देतात. जमीनदार कडाडतो. त्यानंतर चर्चमध्ये बॅरल ऑर्गन येतो. दांडा फिरवला की बावीस स्तोत्रांच्या चाली बिनचूक वाजवणारा, झोप न येणारा आणि ब्रँडी न पिणारा.

बॅरल ऑर्गन हे कल्पित यंत्र नव्हते. लाकडी नळकांड्यावर खिळे ठोकलेले असत, नळकांडे फिरले की खिळे ठरलेल्या पट्ट्या उचलत आणि ठरलेली चाल वाजे. वाजवणाऱ्याला संगीत येण्याची गरज नव्हती. मी हे वाचले तेव्हा आमच्या मंदिरातले बटण डोळ्यांसमोर आले.

सज्जा रिकामा झाला

स्टिन्सफर्डला जुने पाद्री एडवर्ड मरे स्वतः संगीतप्रेमी होते. आठवड्यातून दोन-तीनदा तालीम त्यांच्याच घरी चाले. १८३७ साली त्यांच्या जागी आर्थर शर्ली आले. त्याच वर्षी हार्डीचे आजोबा वारले. त्या दशकात इंग्लंडभर धर्मसुधारणेचे वारे वाहत होते. उपासना गंभीर हवी, वेदीकडे लक्ष हवे, पांढऱ्या झग्यातला शिस्तीचा वृंद हवा, असा नव्या पाद्रींचा आग्रह होता. त्यात दारूचा वास येणाऱ्या फिडलवाल्यांना जागा नव्हती. १८४१च्या सुमारास स्टिन्सफर्डची मंडळी बंद पडली आणि पुढे सज्जाही गेला. हार्डी जन्मला २ जून १८४० रोजी. म्हणजे ज्यांच्यावर त्याने एवढे लिहिले त्यांना सज्ज्यावर वाजवताना त्याने कळत्या वयात कधीच ऐकले नाही. पुढे वडिलांना विचारून विचारून त्याने सज्ज्याचा नकाशा काढला. कोण कुठे बसत होते, हे त्यात मांडले आहे.

कादंबरीत हे शिष्टमंडळाच्या रूपाने येते. फॅन्सी डे पेटी वाजवणार हे कळल्यावर मंडळी चांगले कपडे घालून पाद्री मेबोल्डकडे जातात. भांडायला नव्हे. त्यांची विनंती एवढीच असते की संपवायचेच असेल तर एखाद्या मोठ्या सणाला, मानाने संपवा. कुठल्या तरी बिननावाच्या रविवारी आम्हाला विझवू नका. कादंबरी विनोदी आहे, पण या पानावर मला हसू आले नाही.

प्रस्तावनेत हार्डी याचे कारण सरळ मांडतो. पूर्वी सहा ते दहा मोठी माणसे वाजवायला आणि त्यांहून जास्त गायला चर्चमध्ये गुंतलेली असत. त्यांच्यामागे त्यांची घरे येत. एकट्या ऑर्गनवाल्याने किंवा पेटीवालीने त्यांची जागा घेतल्यावर संगीत कदाचित नीटनेटके झाले, पण गावाचा चर्चमधला जीवच कमी झाला. पाद्रींना जे साधायचे होते त्याच्या उलटे घडले, असे त्याचे म्हणणे आहे. मला ते पटते.

पेटीचा दोष किती?

इथे माझी स्वतःची एक अडचण आहे. मीच पेटीवाला. हार्मोनियम १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आलेक्सांद्र देबेनने घडवली. तिकडे तिने फिडलवाल्यांना उठवले. इकडे ती आली आणि संगीत नाटकाने तिला आपलेसे केले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला स्वतंत्र वादनाचा मान मिळवून दिला आणि भजनी मंडळांनी तिला टाळ-पखवाजाच्या शेजारी बसवले. मराठी चर्चचा अनुभव तर याहून बोलका आहे. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी चालींवर गीते रचली आणि भजन-कीर्तनाचा घाट उपासनेत आणण्याचा आग्रह धरला. इंग्लंडच्या पाद्रींनी ज्या प्रकारचे गावठी वाजवणे चर्चबाहेर काढले, त्याच प्रकारचे आपल्याकडचे वाजवणे चर्चमध्ये आणण्यासाठी मराठीत एक कवी झटत होता.

तेव्हा दोष पेटीचा नाही. वाद्य आले की मी एकच हिशेब मांडतो. त्याने किती माणसे बसवली आणि किती उठवली? भजनी मंडळात पेटीने एक माणूस वाढवला. स्टिन्सफर्डसारख्या ठिकाणी ज्या पेटीने सज्जा रिकामा केला, तिने एक माणूस बसवून बाकीचे उठवले. बॅरल ऑर्गनला दांडा फिरवण्यापुरता तरी माणूस लागे. आमच्या यंत्राला बटण दाबणारे एक बोट पुरते.

गाणे कुठे गेले?

सज्ज्यावरचे गाणे मात्र मेले नाही. नेहम टेटचे मेंढपाळांवरचे नाताळगीत १७००च्या पुरवणीत छापले गेले आणि अठराव्या शतकात बहुतेक काळ इंग्लंडच्या चर्चमध्ये अधिकृत मानलेले नाताळचे गीत तेवढेच होते. शब्द एकच, म्हणून गावोगावच्या हौशींनी त्याला आपापल्या चाली लावल्या. त्यांतली एक, 'क्रॅनब्रुक', कँटरबरीच्या टॉमस क्लार्क नावाच्या चांभाराने केलेली आहे. ती १८०५ साली दुसऱ्याच स्तोत्रासाठी छापली होती. पुढे ती मेंढपाळांच्या गीताला लागली आणि नंतर यॉर्कशरच्या एका थट्टेच्या लोकगीताला जी चिकटली ती आजतागायत. यॉर्कशरमधल्या पुष्कळांना ती एका चांभाराची स्तोत्राची चाल आहे हे ठाऊकही नसते.

त्याच यॉर्कशरमध्ये शेफील्डच्या आसपासच्या डंगवर्थ, वोरल अशा खेड्यांत नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत लोक दारूच्या गुत्त्यात जमून जुनी नाताळगीते गातात. चर्चने नाकारलेली गाणी गुत्त्याने सांभाळली, असे तिथे सांगितले जाते. हातात पेला, समोर वही असतेच असे नाही, कोणी संचालक नाही. आणि १९९० साली इंग्लंडमध्ये वेस्ट गॅलरी संगीतासाठी संस्थाही निघाली. जुन्या वह्या उघडून हौशी लोक ते पुन्हा वाजवू लागले आहेत.

स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये १९०३ साली हार्डी भावंडांनी एक पितळी पट्टी बसवली. आजोबा, वडील आणि काका यांनी १८०२ ते १८४१ अशी चाळीस वर्षे येथे तंतुवाद्ये वाजवली, असे तिच्यावर कोरले आहे. मजकूर लॅटिनमध्ये आहे. त्या तिघा गवंड्यांपैकी कोणाला तो वाचता आला असता असे मला वाटत नाही. हार्डी १९२८ साली गेला. त्याच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये ठेवल्या गेल्या, पण त्याचे हृदय स्टिन्सफर्डच्या आवारात पुरले आहे.

गेल्या कार्तिकात मी आमच्या विश्वस्तांसमोर गेलो. मनात मेलस्टॉकचे शिष्टमंडळ होते, पण माझ्याबरोबर फक्त अण्णा होते. आम्ही यंत्र काढा म्हणालो नाही. देणगीदाराचा मान असतो. एवढेच म्हणालो की काकड्याच्या महिन्यात तरी आरतीला बटण दाबू नका. त्यांनी विचार करू म्हणून सांगितले. अजून विचार चालू आहे. दरम्यान अण्णांनी त्यांच्या नातवाला झांजा दिल्या आहेत. तो तालात चुकतो, पण पहाटे साडेचारला येतो. आम्ही त्याला पुढच्या रांगेत बसवले आहे.